चर्चनं आमच्याकडून काहीतरी मागावं

माझा विश्वास लॅटिन गेल्यामुळे गेला नव्हता, आणि परत आला तोही लॅटिनमुळे नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्या इंदूरच्या कॅथलिक मुलामुलींच्या तोंडी हल्ली एक वाद सतत ऐकू येतो. एक म्हणतो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेनं, चर्च बुडवलं, जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे आपली मुख्य उपासना, परत आणा. दुसरा म्हणतो, ते सगळं कर्मकांड होतं, गेलं ते बरं झालं. दोन्हीकडची मुलं मनापासून बोलतात आणि मी दोन्हीकडे राहून आलेली आहे. म्हणून लिहिते आहे. लांब होईल, पण वेळ काढून वाचा.

आमचं घर मूळचं वसईचं. बाबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि आजीलाही घेऊन आले. घरातली प्रार्थना मराठीत, चर्चमधली हिंदीत, आणि आजीच्या लहानपणची मिस्सा लॅटिनमध्ये. आजी शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण लॅटिन उत्तरं तिला शेवटपर्यंत पाठ होती. ती सांगायची, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहाटे उपाशीपोटी चालत जायचं, डोक्यावर पदर, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि प्रसाद जिभेवर घ्यायचा. 1953 साली पाणी प्यायची सवलत मिळाली. 1957 साली उपास तीन तासांवर आला, 1964 साली एका तासावर. आता तो एक तासही कुणी पाळताना दिसत नाही. मिस्सेला निघण्याआधी भरपेट नाश्ता झालेला असतो.

परिषदेबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं परिषदेनं म्हटलेलंच नाही. 1962 ते 1965 ती भरली. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 चा आहे. लॅटिन भाषा राखावी, लोकभाषेला अधिक जागा द्यावी, ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, मानाचं स्थान असावं, असं त्यात आहे. फादरांनी लोकांकडे तोंड करून उभं राहावं असा आदेश त्यात कुठेही नाही. नवा मिस्साग्रंथ पोप पॉल सहावे यांनी 1969 मध्ये दिला. त्याच वर्षी भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी मिळाली: जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती वगैरे. आजीला आरती पटली नव्हती. "हे आपलं नव्हे," म्हणायची. मला मात्र त्यात कधी खटकलं नाही. चपला बाहेर काढून जमिनीवर बसलं की शरीराला कळतं आपण कुणासमोर आलो आहोत. आणि फादर थॉमस स्टीफन्सनी 1616 मध्येच ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये सांगितली होती. आपल्या भाषेत, आपल्या चालीत देवाला हाक मारणं हे मराठी कॅथलिकांसाठी परिषदेच्या साडेतीनशे वर्षं आधीचं आहे.

मग माझं काय बिनसलं? भाषेचं बिनसलं नाही. आमच्याकडून कुणी काही मागेनासं झालं. मी कॉलेजात होते तेव्हापासून मिस्सा आटोपशीर व्हायला लागली. प्रवचनात परीक्षेचा ताण, सकारात्मक विचार, वेळेचं नियोजन. चांगल्या गोष्टी, पण त्या मला वर्तमानपत्राच्या पुरवणीतही मिळत होत्या. पाप, मरण, न्याय, प्रायश्चित्त हे शब्द ऐकू येईनासे झाले. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, "गरज वाटली तर फोन करून या" असं झालं, आणि अशी गरज कुणाला वाटते? गुडघे टेकायच्या फळ्या काढून खुर्च्या आल्या. तरुणांना ओढायला गिटार आली, पडदा आला, टाळ्या आल्या. तरुण आले, टाळ्या वाजवल्या आणि पुढे निघून गेले. त्यांच्यातच मी होते.

मी देव नाकारला नाही, कुणाशी भांडले नाही. रविवारची सकाळ हळूहळू छप्पन दुकानवरच्या पोहे-जलेबीची झाली. नाताळला आणि ईस्टरला चर्च, एरवी नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त दुःख कशाचं होत असेल तर याचं, की मी गेले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, मिस्सा मोबाईलवर आली आणि उरलासुरला धागाही तुटला. सोफ्यावर बसून चहा पिताना वेदी बघायची, यात गुडघ्यांना काही कामच नव्हतं.

त्या काळात एक प्रश्न मला टोचला, आणि तो विचारणारी बाई कॅथलिक नव्हती. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू दर एकादशीला उपास करतात, आजारी असल्या तरी निदान भात सोडतात. एकदा गॅलरीतून त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात उपास नसतो का गं?" मी म्हटलं, "असतो, वर्षातून दोन दिवस. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग बाकीच्या दिवसांत आठवण कशी राहते?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नियमांमध्ये आहे, पण ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य, हा नियम 1966 साली रद्द झालेला नाही. पोप पॉल सहावे यांनी त्या त्या देशातल्या बिशपांना त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त, प्रार्थना किंवा दानधर्म ठरवायची मोकळीक दिली. मांस लगेच परत आलं. बदल्यात करायचं प्रायश्चित्त मात्र कुणाच्याच घरी आलं नाही. प्रत्येक शुक्रवार हा ख्रिस्ताच्या मरणाच्या त्या एका शुक्रवारची आठवण आहे, हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं.

त्यानंतर मी जुन्या मिस्सेच्या व्हिडिओंकडे वळले. पहिल्यांदा बघितली तेव्हा रडले, हे खरं आहे. ती शांतता, फादरांची वेदीकडे वळलेली पाठ, कुणालाही खूश करायची घाई नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 मध्ये तिला मोकळी वाट दिली होती आणि 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. ज्यांना तिथे देव भेटला त्यांना त्याचं वाईट वाटलं, आणि ते दुःख मी हलकं मानणार नाही. पण मी त्या मंडळींचं बोलणं ऐकत गेले तसतशी माझी प्रार्थना वाढली नाही, राग वाढला. कोणता बिशप पाखंडी, कोणाचा प्रसाद वैध, कुणाच्या बाईनं डोकं झाकलं नाही. रात्री उशिरापर्यंत हे ऐकायचं आणि झोपताना मरियेची एक "नमो मरिये" प्रार्थनासुद्धा म्हणायची नाही. त्यांचं एक वाक्य मात्र मनात रुतून बसलं होतं: नव्या मिस्सेतून संत घडत नाहीत.

मग मी आईबरोबर उदयनगरला गेले. आईचा नवस होता, मी गाडी चालवायला गेले होते. देवास जिल्ह्यातलं हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं नाही, इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं तरीही. तिथल्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी याच शहरात होते आणि गेले नव्हते.

त्यांची हकिकत नव्या मुलांसाठी थोडक्यात सांगते. जन्म 1954, केरळमधलं पुल्लुवळी गाव, घर सिरो-मलबार, म्हणजे केरळमधल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चचं. त्यांच्या लहानपणीच, 1962 मध्ये, त्यांच्याही चर्चमधली सिरियाक उपासना मल्याळममध्ये आली. म्हणजे माझ्या आजीची लॅटिन गेली तशी आपल्या उपासनेची जुनी भाषा जाताना त्यांनीही पाहिली असणार. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर झाल्या, उत्तर भारतात आल्या, 1992 पासून उदयनगरला. तिथल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या कर्जातून सोडवायचं, बँकेची कर्जं आणि सरकारी योजना मिळवून द्यायच्या, हे काम. ज्यांचं त्यातून नुकसान होत होतं त्यांनी माणूस नेमला. 25 फेब्रुवारी 1995 ला त्या बसनं इंदूरकडे निघाल्या होत्या. वाटेत जंगलात, सगळ्या प्रवाशांसमोर, समंदर सिंग नावाच्या तरुणानं त्यांना चाकूनं भोसकून मारलं.

पुढचं त्याहून अवघड आहे. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि तिनं त्या माणसाला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी लिहून दिलं. 2006 मध्ये तो सुटला. नंतर तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्यांच्या आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांवर माझ्या मुलीचं रक्त आहे, असं त्या म्हणाल्या.

मी समाधीपुढे उभी राहिले, मग गुडघे टेकले. ही बाई लॅटिन मिस्सेतून आलेली नव्हती. तिचं सगळं साधुजीवन परिषदेनंतरचं होतं. इथे तिनं ऐकली ती आपली साधी हिंदी मिस्सा, बाजूला "प्रणाम मरियम", म्हणजे हिंदीतली "नमो मरिये", म्हणणाऱ्या खेड्यातल्या बाया. आणि त्याच मिस्सेतून ती हुतात्मा झाली. त्या वाक्याचा जोर माझ्यापुरता तिथेच संपला. पण आधुनिक मंडळींचं म्हणणंही तिथे टिकत नाही. सिस्टर नुसतं समाजकार्य करत नव्हत्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांची व्रतं, रोजची मिस्सा, रोझरीची जपमाळ, साक्रामेंतासमोरची, म्हणजे ख्रिस्तप्रसादासमोरची, प्रार्थना, हे सगळं शतकानुशतकांचं जुनं ओझं त्यांच्या खांद्यावर होतं. ते काढून घेतलं असतं तर त्या चांगल्या कार्यकर्त्या झाल्या असत्या. त्यांच्या बहिणीनं राखी बांधली असती का, मला शंका आहे.

तिथून परत आल्यावर मी कन्फेशनला गेले. वर्षांनी. फादर तरुण होते, झाबुआकडचे भिल्ल. त्यांनी मला समजूत घातली नाही, "तुम्ही चांगल्या आहात" म्हटलं नाही. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "क्षमा कुणाला करायची राहिली आहे?" बाबांच्या घरावरून माझं आणि भावाचं बोलणं बंद होतं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी त्याला फोन करायला सांगितलं. मला पन्नास "प्रणाम मरियम" सोपे गेले असते. तो फोन करायला मला ईस्टरआधीचा जवळजवळ पूर्ण उपवासकाळ लागला. केला. वहिनीनं उचलला. आम्ही दोघं आता सणासुदीला बोलतो, घराचा प्रश्न अजून तसाच आहे.

आता शुक्रवारी आमच्या घरी मांस-मच्छी होत नाही. संध्याकाळी आई आणि मी मराठीत रोझरी म्हणतो. मुलगी कधी बसते, कधी नाही, तिला ओरडत नाही. सुरुवातीला मला काहीच वाटत नव्हतं. नुसते मणी सरकायचे. गुडघे दुखायचे आणि मन भाजी-दुधाच्या हिशोबात. विश्वास त्या कंटाळ्याच्या आतूनच परत आला, हळूहळू, मला पत्ता न लागता, मुरणाऱ्या लोणच्यासारखा. मिस्सेत आता माझं लक्ष असतं. गिटार अजूनही आहे. ती मला आवडत नाही, पण तिच्यामुळे मी आता घरी राहणार नाही.

म्हणून माझी तक्रार फादरांकडे आहे, आणि ती प्रेमानं आहे, कारण ते थकलेले असतात हे मी बघते. तुम्हाला वाटतं सोपं केलं की आम्ही येऊ. आमच्या शेजारी एकादशी पाळणारी, निर्जळी रोजे ठेवणारी, पर्युषणात आठ-आठ दिवस फक्त पाण्यावर राहणारी माणसं आहेत. इंदुरातली मुलं हे रोज बघतात. आपल्या देवाला आपल्याकडून काहीच नको असतं, असं त्यांना वाटलं तर त्यांची चूक कशी?

मागणं मोठं नाही. रविवारी मिस्सेआधी अर्धा तास कन्फेशनला बसा आणि ती वेळ फलकावर लिहा, कुणी नाही आलं तरी बसा. प्रसादानंतर दोन मिनिटं गाणं, सूचना, अभिनंदन काहीही नको. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यासाठी फळ्या परत लावा. शुक्रवारचा अर्थ धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवा. ईस्टरच्या रात्री एखादं ग्रेगोरियन गीत म्हणू द्या, ते परिषदेनंच सांगितलं आहे, आणि नंतर आरतीही करा. आणि दर वर्षी 25 फेब्रुवारीला मुलांची एक बस उदयनगरला न्या. रामबाग, राजवाडा भागातल्या मराठी घरांपैकी कुणाला यायचं असेल तर मला सांगा, यंदाच्या बसची जुळवाजुळव मी करते.