एमसीबी मोठा करण्याआधी वायर बघा
एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून, म्हणजे बंद होऊन, वीज तोडणारा स्विच) सारखा पडत असेल तर जास्त अँपिअरचा बसवा, असा सल्ला एका लेखात दिलाय; तो कृपया कुणी पाळू नका. एमसीबी असतो तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा लावलात तर तो लवकर पडणारच नाही, वायर मात्र आतल्या आत तापत राहील. आमच्या गिझरचा बोर्ड उघडला तेव्हा वायरचं लाल आवरण तपकिरी पडलं होतं, बोट लावताच त्याचा भुगा झाला. गिझर-एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन ओढून घ्या.
आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच; शॉकपासून वाचवते ती हीच, एमसीबी नव्हे) असेल तर तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा, दाबल्यावर ती पडायला हवी. आमची पडलीच नाही, त्याच दिवशी बदलली.