गोंडांचे नाव दगडाला

नागपूरजवळच्या मनसरहून आणलेला मँगनीजचा एक काळा दगड माझ्या टेबलावर आहे. मुठीत मावेल एवढाच, पण उचलताना मनगटाला त्याचे वजन जाणवते आणि बोटांना काजळीसारखी पूड लागते. फुटलेल्या बाजूला भिंग धरले तर नारिंगी-तपकिरी रंगाचे बारीक दाणे दिसतात. हे स्पेसार्टिन, म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट नावाचे खनिज (रंगही नागपूरला शोभेल असाच!). हे गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून जो खडक होतो, त्याला लुईस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने ‘गोंडाइट’ म्हटले, ते इथल्या गोंडांवरून. भारतातील मँगनीजवरचा त्यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला.

नागपुरातली सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. जबलपूर रस्त्याला लागले की कामठीच्या परिसरात कोळसा पोटात असलेले गोंडवन खडक येतात आणि रामटेकच्या बाजूला सौसर समूहाचे त्याहून कितीतरी प्राचीन खडक. त्यातल्या मुख्य मँगनीजधारक थरांना भूशास्त्रात मनसरचेच नाव आहे. समुद्रतळावर चिखल-वाळूसोबत मँगनीज साचले, ते खोल गाडले गेले, उष्णतेने आणि दाबाने त्याचे रूप पालटले आणि थरांना घड्या पडल्या. पुढे हे खडक उघडे पडल्यावर झिरपणाऱ्या पाण्याने पृष्ठभागाजवळचे धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड) आणखी कसदार केले. म्हणूनच सुरुवातीच्या खदानी टेकड्यांच्या माथ्यावरच लागल्या. खोल जावेच लागले नाही.

१८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले आणि काही वर्षांतच खोदकाम सुरू झाले. १९०५ च्या सुमारास रशियातील उलथापालथीमुळे कॉकेशसचे मँगनीज अडले, तशी इथली मागणी वाढली. पोलाद मँगनीजशिवाय होत नाही आणि पोलादाचे कारखाने तेव्हा समुद्रापलीकडे होते. त्यामुळे आपल्या टेकड्या कच्च्याच जहाजात चढल्या. त्या काळी धातुक घणाने फोडून हाताने निवडले जाई आणि या कामात बायाही मोठ्या संख्येने असत. १९६२ मध्ये मँगनीज काढणारी ‘मॉइल’ ही कंपनी स्थापन झाली तेव्हा केंद्र आणि दोन राज्य सरकारांचा मिळून हिस्सा ५१ टक्के होता. १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे, तरी मँगनीज कशाला लागते हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची गाडी बॅटरीच्या सेलपाशी थांबते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या पट्ट्यातली एखादी खदान बंद करताना ती सरसकट बुजवू नये किंवा पाण्याखाली जाऊ देऊ नये. घड्या स्पष्ट दिसतील असा तिचा एखादा कडा राखावा आणि तिथे मराठीबरोबर गोंडीतही पाटी लावावी. गोंडांचे नाव खडकाला मिळाले, पण तो फोडणाऱ्या मजुरांपैकी किती जणांची नावे कुठे लिहिलेली सापडतील? त्या पाटीवर या काळ्या दगडाचा गोंडी शब्दही असावा. फर्मर येण्याआधी या टेकड्यांत राहणाऱ्यांनी त्याला काहीतरी म्हटलेच असेल.