कूलर आणायला गेलो होतो

आमच्या घरात जी वस्तू पूर्ण विचारांती घेतली, तिच्यावर आज टॉवेल वाळतो आहे.

एकवीस गिअरची सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी अख्खा पावसाळा अभ्यासात घालवला. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची, डिस्क ब्रेक तारेचा की तेलाचा, यावर तावातावाने भांडणारे व्हिडिओ रात्री जागून पाहिले. माझ्या पायांची आतल्या बाजूने लांबी मोजली. टेप बायकोने धरला आणि ती एक अक्षर बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला पुढे बरीच वर्षं ऐकावं लागलं. सायकलपाठोपाठ हेल्मेट आलं, अर्ध्या बोटांचे हातमोजे आले, बुडाशी गादी शिवलेली चड्डी आली. नारळ फोडून, हार घालून मी अंबाझरीपर्यंत जाऊन आलो. त्यानंतर तिने बाल्कनीत जे बस्तान मांडलं ते आजतागायत. तिचं हँडल रुंद आहे, त्यावर मोठे दोन टॉवेल आरामात मावतात. एवढे व्हिडिओ पाहिले, पण हा गुण एकानेही सांगितला नव्हता.

जी सायकल मी रोज हाणतो, ती घ्यायला मी गेलोच नव्हतो. मी कूलर आणायला गेलो होतो.

नागपूरबाहेरच्या वाचकांना कूलरची निकड कळावी म्हणून सांगतो. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं. सेन्सर बिघडला होता असा खुलासा हवामान खात्याने केला. आम्ही तो ऐकून घेतला, पण मनातून सगळं शहर सेन्सरच्या बाजूने होतं. अशा गावात ऐन एप्रिलमध्ये ज्याच्या कूलरचा तळ गंजून गळायला लागतो, त्याला घरात किंमत उरत नाही. नवा कूलर घ्यावा तर बायकोच्या मते आजकालचा पत्रा म्हणजे पापड. जुना, जाड पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा हवा. तसा एक महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यात विकायला आहे असं कळलं. वाडा बिल्डरला दिला होता आणि सामान निघत होतं. मी टेम्पो ठरवला आणि भर दुपारी जाऊन थडकलो.

"अहो, कूलर तर गेला," काकू दारातच म्हणाल्या. "आत्ताच नेला, तास झाला असेल. पण उन्हाचे आलात, बसा. पन्हं घेऊन जा."

विदर्भात उन्हातून आलेल्याला पन्हं देतात, त्याला मी त्या दिवसापर्यंत पाहुणचार समजत होतो. ग्लास हातात आला, पहिला घोट पोटात गेला, आणि काकू म्हणाल्या, "कूलर नाही तर नाही, आलेच आहात तर सायकल पाहून घ्या."

सायकल देवडीत उभी होती. काळी, बावीस इंची, अ‍ॅटलास. सळयांचे ब्रेक, चेनवर पूर्ण झाकण, मागे डबल स्टँड, आणि कॅरिअर असं की त्यावर सिलिंडर ठेवा नाहीतर साडू बसवा. हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर पृथ्वी खांद्यावर घेतलेला तो गडी. शेजारच्या खोलीत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, काका बसले होते. पायाने हलकेच रेटा देत होते, आणि कड्या कुरकुरत होत्या.

"केवढ्याला देता?" मी विचारलं. विचारायला काय जातं!

"तुम्ही द्याल ते," काकू म्हणाल्या.

जुन्या वस्तूंच्या बाजारात याहून महाग किंमत मी ऐकलेली नाही. समोरचा दोन हजार म्हणाला तर माणूस आठशे म्हणून निघून जाऊ शकतो. "तुम्ही द्याल ते" म्हटलं की घासाघीस आपली आपल्याशीच करावी लागते, आणि तिच्यात आपण हरतोच. पाचशे ओठांवर आलं होतं, पण हातातलं पन्हं अर्धं संपलेलं. मी सातशे म्हणालो.

काकू काही बोलल्या नाहीत. आत तोंड करून त्यांनी फक्त पुकारा केला, "अहो, हे सातशे म्हणून राहिले."

बंगई थांबली.

काका ओरडले नाहीत, वळूनही पाहिलं नाही. कड्यांचा कुरकुराट तेवढा बंद झाला आणि अख्ख्या वाड्यात मी एकटाच श्वास घेतो आहे असं मला वाटू लागलं. मी हजार म्हणालो. बंगई हलेना. काकूंनी माझा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला. आतून काकांचा आवाज आला, "अजनीला नेत होतो. लोको शेडला. रिटायर होईपर्यंत." एवढंच. मी बाराशे म्हणालो. कुर्रर्र. बंगई चालू झाली.

बाहेर टेम्पोवाला घाम पुसत होता. "कूलर कुठं हाय जी?"

"कूलर नाही. सायकल आहे."

त्याने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सायकल तं चालवत नेतेत ना बाप्पा. मंग मले कायले आनलं?" आणि थोडं थांबून, "भाडं तेच लागन, सांगून ठेवतो." टायर बसलेले असल्यामुळे चालवत नेण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा माझी सायकल महालातून गांधीसागर, सीताबर्डी करत प्रतापनगरला टेम्पोतून, उभ्याने आली.

घरी खिडकीची जाळी काढून कूलरची जागा मोकळी करून ठेवलेली. बायको खाली आली, एक फेरी मारून तिने सायकल सगळ्या बाजूंनी बघितली आणि विचारलं, "याच्यात पाणी कुठून भरायचं?"

टायर-ट्यूब बदलून झाल्या, छर्रे नवे घातले, ग्रीस भरलं. तरी चालवताना वाटायचं की आपण बसल्या जागी लंगडतो आहोत. उजवा पाय खाली जाऊन पोचला तरी डावा अजून वर पोचायचाच असे. पहिल्या दुकानदाराने सांगितलं, वय झालं की होतं असं. कोणाचं वय, ते सांगितलं नाही. शेवटी लक्ष्मीनगरजवळ निंबाखाली बसणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. पालथ्या डब्यावर बसून ते घमेल्यातल्या काळ्या पाण्यात ट्यूब दाबत बुडबुडे शोधत होते. वर न पाहताच त्यांनी हाताने पॅडल एकदा गोल फिरवलं.

"हे काम कोनं केलं जी?"

मी दुकान सांगितलं. त्यांनी त्या दुकानाविषयी जे मत दिलं ते छापण्याजोगं नाही. मग मला शेजारी उकिडवं बसवून पिना दाखवल्या. या जुन्या सायकलींत पॅडलचा दांडा धुरीवर कॉटर पिनने अडकवलेला असतो. बोटाएवढी लोखंडी पिन, एका बाजूने तिरकी घासलेली. पाचरीसारखी ती ठोकून बसवायची आणि मग नट आवळायचा. दोन दांड्यांच्या दोन पिना एकमेकींच्या उलट बाजूंनी बसल्या पाहिजेत. दोन्ही एकाच बाजूने ठोकल्या की पॅडल एका रेषेत येत नाहीत. "दोन्ही पिना एकाच बाजूनं मारल्या त्यानं. तुमी नाई लंगडत, गाडी लंगडते." त्यांनी नट दोन आटे ढिला केला, खाली लोखंडाचा ठोकळा टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. जी पिन सोडवायला आधीचा गडी तासभर घामाघूम झाला होता, ती टणकन निसटली. जाताना त्यांनी आणखी एक मंत्र दिला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, कोणी नेहमीसारखा फिरवून खोलायला लागला तर त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचा. त्या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. पिनेचे घेतले.

ब्रेकची गोष्ट वेगळी. मूठ दाबली की सळया वर ओढल्या जातात आणि रबराचे गुटके रिमला आतून जाऊन चिकटतात. कोरड्या दिवसांत व्यवस्था चोख आहे. पावसात स्टीलची रिम ओली झाली की गुटके नुसते मालिश करतात. मी पावसाळ्यात ब्रेक बजाजनगरला दाबतो, गाडी आठ रस्ता चौकात थांबते. तिथून आठ रस्ते फुटतात. त्यांतला कोणता घ्यायचा हे तीच ठरवते.

हळूहळू ध्यानात आलं की ही सायकल घेऊन गुपचूप कुठे जाता येत नाही. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा कोणी आजोबा काच नसतानाही काच खाली केल्याच्या थाटात मान बाहेर काढतो. "अ‍ॅटलास का?" हो म्हटलं की संपलं. त्यांची पहिली सायकल, तिच्यावर कैची मारत शिकलेले दिवस, नगरपालिकेचा कर भरून हँडलला लावलेला बिल्ला, रात्री दिवा नाही म्हणून शिपायाने चाकातली सोडलेली हवा. मागे हॉर्नांचा गदारोळ होतो. आजोबा हिरव्या दिव्याकडे तुच्छतेने पाहतात. त्यांना मी एकदा सांगून बसलो की अ‍ॅटलास १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झाली आणि तिचा उरलासुरला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. आजोबांचा चेहरा असा पडला की मला सुतकाची बातमी आणल्यासारखं झालं. तेव्हापासून मी कारखान्याचं काढत नाही. "मजबूत गाडी," एवढंच म्हणतो आणि पॅडल मारतो.

पहाटे वर्धा रोडला घट्ट कपड्यांतले सायकलस्वार जथ्याने भेटतात. त्यांच्या सायकली एका बोटावर उचलल्या जातात. माझी वीसेक किलोची. लिफ्ट बंद असली आणि ती वर न्यायची वेळ आली की बिल्ल्यावरच्या गड्याशी माझी नजरानजर होते. त्याने पृथ्वी घेतली आहे, मी त्याला घेतलेलं असतं. ही मंडळी पहिल्यांदा "सरकून घ्या काका" म्हणत पुढे गेली. हल्ली "विंटेज आहे का हो?" असं अदबीने विचारतात. शेवटी सगळे तर्री पोह्यांच्या ठेल्यावरच भेटतो. तिथे कार्बन फ्रेम काय नि लोखंड काय, जाळलेलं सगळं व्याजासकट परत भरून घेतात. त्यांना सायकल भिंतीला, झाडाला, एकमेकांच्या सायकलीला टेकवायला जागा शोधावी लागते. मी डबल स्टँड लावतो, कॅरिअरवर प्लेट ठेवतो आणि दोन्ही हातांनी खातो.

आमच्या घरातली दुसरी सायकलही अशीच आली. बदली होऊन निघालेल्या शेजाऱ्यांकडे बायको त्यांचं पातेलं परत करायला गेली आणि जांभळी लेडीज सायकल घेऊन आली. पुढे बास्केट, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. "रिकाम्या हाताने कसं यायचं," असं तिने मला सांगितलं. पातेलं कशात घालून दिलं होतं ते मी विचारलं नाही. गोकुळपेठेचा बाजार ती आता त्या सायकलवरूनच करते, आणि ती सायकल कोणी हलवली, कोणी तिची घंटी उगाच वाजवली, की त्याची धडगत नसते. मी एकदा बास्केटचा एक स्क्रू आवळला होता. पुन्हा ढिला करून द्यावा लागला. ढिला असताना ती जो आवाज करते त्यावरून म्हणे भाजी किती झाली ते कळतं.

बाराशे रुपयांत मला सायकल मिळाली असा माझा समज होता. काका त्यात धरलेले आहेत हे नंतर कळलं. मुलगी दिलेला बाप करतो तसा ते फोन करतात. माझी खुशाली विचारत नाहीत. "तेल दिलं का? खायचं नाही ना टाकलं? मशीनचं टाका." पहिल्या पावसाआधी, "सीटला पिशवी बांधता ना?" हिवाळी अधिवेशनात, "मोर्च्याच्या गर्दीत नका नेऊ, ते चारचाकीवाले पाहत नाहीत." एकदा फोन उचलताच विचारलं, "पंचशील चौकात परवा तुम्हीच होता का? स्टँड खडखडत होतं." मी होतो. स्टँड खडखडत होतं.

गेल्या उन्हाळ्यात दोघं घरी आले. आता ते मनीषनगरला चौथ्या मजल्यावर राहतात. काकांनी पन्हं हातानेच थांबवलं. "आधी गाडी." पार्किंगमध्ये त्यांनी चेनच्या झाकणाखाली बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं, रुमालाला पुसलं. निकाल सांगितला नाही. सीटवर थाप मारली, "जरा पाहतो" म्हणाले, आणि डावा पाय पॅडलवर ठेवून, दोन उड्या मारत टांग टाकून फाटकाबाहेर गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात. उन्हाची वेळ, त्यात त्यांचं वय. मी खिडकीतून मान काढून काढून अवघडलो. काकू निवांत होत्या. "येतील. अजनीपर्यंत गेले असतील. पायांना दुसरा रस्ता माहीतच नाही त्यांच्या." त्यांनी पन्ह्याचा दुसरा ग्लास घेतला आणि खिडकीतल्या कूलरकडे पाहू लागल्या. सायकल आणली त्याच एप्रिलमध्ये पुढे आम्हाला सक्करदऱ्याला तो मिळाला होता. जुना, जाड पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा.

"चांगला आहे हो," काकू म्हणाल्या. "फ्लॅटमध्ये फार उकडतं आम्हाला. द्यायचा असला तर सांगा. तुम्ही म्हणाल ते देऊ."

मी संकोचाने काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात बायकोने त्यांचा ग्लास काठोकाठ भरला.

"बाराशे," ती म्हणाली. "टेम्पोचं भाडं वेगळं."