अळंबीतले विष चांदीला कळत नाही

पहिला पाऊस पडला की एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की रानातली अळंबी शिजवताना भांड्यात चांदीचे नाणे आणि लसणाची पाकळी टाकावी, दोन्ही काळी पडली नाहीत तर अळंबी निर्धोक समजावी. किडीने कुरतडलेली आणि पांढरीशुभ्र अळंबी बेलाशक खावी. आणि तरीही शंका असेल तर ती दोन पाण्यांत उकळावी, म्हणजे विष निघून जाते.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळवंडतो, म्हणून अंडे कोणी उकिरड्यावर फेकत नाही. ‘डेथ कॅप’ या जीवघेण्या अळंबीतले अमाटॉक्सिन हे विष मात्र नाण्याचा किंवा लसणाचा रंग बदलत नाही. किडीचा दाखला त्याहून फसवा आहे, कारण विषारी अळंबीवर गोगलगायी खुशाल चरतात आणि काही फळमाश्यांच्या अळ्या तर तिच्यातच वाढतात.

रंगाचे म्हणाल तर पावसानंतर हिरवळीवर उगवणारी, पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असलेली एक जात कोवळेपणी अगदी सोज्वळ दिसते. तिची पूर्ण उमललेली छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, तर सकाळी कागदावर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटलेला दिसतो. ती खाल्ली तर काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ठसा पांढरा आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण डेथ कॅपचा ठसा पांढराच असतो. तिची खरी खूण, म्हणजे बुंध्याशी असलेली पातळ पिशवी, अळंबी घाईने उपटली की मातीतच राहून जाते.

सर्वांत घातक सल्ला उकळण्याचा आहे. अमाटॉक्सिन उकळून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर साधारणपणे ६ ते १२ तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, पुढे ते थांबून रुग्णाला बरे वाटू लागते, आणि नेमके त्याच काळात आत यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले.

कोकणात दरवर्षी ठरावीक वारुळांवरचीच अळंबी काढणारी जाणती माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात मी कधी नाणे पाहिले नाही. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर बरे वाटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते आणि मग ओळखता येत नाही.