सलूनचा हिशेब आधी मांडा, मग नाके मुरडा

आज सकाळी शेजारचे गृहस्थ बारावी झालेल्या लेकीला घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही उभं आयुष्य कर्ज विभागात काढलंत, हिला जरा समजावून सांगा. पदवी नको, केस कापायला शिकायचंय म्हणते. त्यात कमाई ती काय असणार?" मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या आईने गेल्याच आठवड्यात केस सरळ करून घेण्यासाठी साडेपाच हजार रुपये मोजले, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ते पैसे कोणाच्या तरी कमाईतच जमा झाले असतील, हे त्या गृहस्थांच्या ध्यानातही आले नाही, आणि त्याचा मला आलेला राग दुपार उलटली तरी उतरलेला नाही.

मी ज्या पतसंस्थेत नोकरी केली, तेथे बसस्थानकामागे एका खुर्चीचे सलून चालवणाऱ्या एका गृहस्थांचे पिग्मी खाते, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायचे बचत खाते, होते. रात्री दुकान आवरताना आमचा एजंट तेथे पोहोचायचा, आणि हे गृहस्थ हातावरचे केस झटकून, ड्रॉवरमधल्या दहा-वीसच्या नोटा सरळ करून त्याच्या हातावर ठेवायचे. सोमवारी दुकान बंद, म्हणून तेवढा भरणा नाही. एरवी खंड नाही. त्यांनी दुसऱ्या खुर्चीसाठी कर्ज मागितले, तेव्हा मी शिफारस केली, पण कर्ज समितीतल्या एका संचालकांनी विचारले, "पगाराचा दाखला कुठे आहे?" आणि अर्ज बाजूला पडला. त्याच बैठकीत कंत्राटी नोकरीवरच्या एका मुलाचे मोटारसायकलचे कर्ज चहा येण्याआधी मंजूर झाले. पिग्मीचे पुस्तक टेबलावरच होते. ते कोणी उघडूनही पाहिले नाही.

आता साधा हिशेब करू. तालुक्याच्या गावात कटिंगचे एकशे वीस आणि दाढीचे साठ रुपये धरले आणि एका खुर्चीवर दिवसाला बारा कटिंग व आठ दाढ्या झाल्या, तर १,९२० रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर पन्नास हजारांच्या घरात. कारागीर निम्म्या वाट्यावर काम करत असेल, तर त्याच्या हाती पंचवीस हजार पडतात. खुर्ची स्वतःची असेल, तर भाडे, वीजबिल, ब्लेड, टॉवेल, क्रीम यांचा खर्च वजा जाता त्याहून बरेच अधिक उरते, आणि दुसऱ्या खुर्चीवर कारागीर बसला की तिचाही निम्मा वाटा मालकाकडे येतो. म्हणूनच त्या गृहस्थांना दुसरी खुर्ची हवी होती. हे गणित त्यांना तोंडपाठ होते. समितीतल्या कोणालाही ते मांडता आले नसते.

बायकांच्या सलूनचे गणित याहून मोठे आहे. रंग, केस सरळ-मुलायम करणारे स्मूदनिंग आणि केराटिन, लग्नसराईतली केशरचना आणि मेकअप यांत एकेका गिऱ्हाइकामागे हजारांत पैसे सुटतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की या धंद्याला जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सलूनवरचा १८ टक्के कर ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मोठ्या साखळी सलूनांच्या गिऱ्हाइकांना हायसे वाटले. ज्या धंद्यात एवढा पैसा फिरतो, त्याला आपले लोक "त्यात काय कमाई" म्हणतात, आणि तेही त्याच खुर्चीत डोके मागे टेकून!

होय, पहिली दोन-तीन वर्षे हातात फारसे काही पडत नाही, हे मान्य. श्रावणात निम्मा गाव दाढी वाढवतो आणि खुर्च्या ओस पडतात, हेही मान्य. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पण खासगी नोकरीत तरी हल्ली ते सगळे कुठे राहिले आहे?

आणि २०२० चे काय, असे कोणीतरी विचारीलच. त्या मार्चमध्ये दुकानांची शटर पडली, ती महाराष्ट्रात २८ जूनला उघडली, आणि तेव्हाही कटिंगला परवानगी होती, दाढीला नव्हती. त्या काळात अनेक कारागिरांनी भाजी विकली, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या त्या गृहस्थांनी मात्र पिग्मीची रक्कम काढली, दुकानाचे भाडे थकू दिले नाही आणि हाताखालच्या मुलाच्या घरी किराणा पोहोचवला. दुसरी खुर्ची त्यांनी एव्हाना आमच्या कर्जाशिवायच घेतली होती. हे लिहिताना माझा आवाज थोडा खाली येतो, कारण अशा माणसाला पत नाही असे ठरवणारे लोक दर महिन्याला त्याच्याच पुढ्यात मान वाकवून बसत होते.

खरी चीड मला आणखी एका गोष्टीची आहे. नाभिक समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बलुत्याच्या धान्यावर हे काम केले, टोमणे ऐकले, आणि आता त्यात पैसा दिसू लागल्यावर भांडवलवाले चकचकीत काचा लावून मालक झाले आहेत, तर ज्यांच्या हातात कसब आहे, त्यांची पोरे तेथे निम्म्याहूनही कमी वाट्यावर राबत आहेत. त्यांना स्वतःची खुर्ची घेता यावी म्हणून पीएम विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, विनातारण मिळते. पुढे ढकलण्याआधी निदान अर्ज तरी वाचा, एवढेच माझे जुन्या सहकाऱ्यांना सांगणे आहे.

मुलीला मी समजावले, पण वडिलांना हवे होते तसे नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा, म्हणजे केस व सौंदर्याच्या कामाचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावी झालेल्यांनाही प्रवेश मिळतो, तेथून सुरुवात कर, असे सांगितले. खासगी अकादमीत लाखभर भरायचे असतील, तर आधी तेथून शिकून गेलेल्या दोघी-तिघींना त्यांच्या सलूनमध्ये जाऊन भेट आणि महिन्याला हातात किती येतात ते विचार. वडील जाताना म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिच्याच बाजूचे." मी हो म्हणालो. आयटीआयच्या प्रवेशाची तारीख तिने माझ्यासमोरच फोनमध्ये नोंदवली आहे.