सरासरी पगार बघून कर्ज काढू नका

‘सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांचा सरासरी पगार कर्जाच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर कर्ज परवडतं’ हे शैक्षणिक कर्जावरच्या एका लेखातलं वाक्य मला धोक्याचं वाटतं. एक तर या सरासरीत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र सगळं एकाच पोत्यात भरलंय. भरपूर पगाराच्या नोकऱ्या मिळालेले थोडे जण सरासरी वर ओढतात. मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्याचा पगार, बहुतेक वेळा त्याहून कमीच असतो. विद्यार्थ्यांनी तो विचारावा, आणि तोही आपल्याच विषयाचा.

शिवाय कर्जाची रक्कम म्हणजे नेमकी कुठली? मी समाजशास्त्र शिकले तेव्हा मंजुरीपत्रावरचाच आकडा डोक्यात होता. शिकत असतानाही व्याज चढत होतं, हे पहिला हप्ता आला तेव्हा कळलं. दर १०० मागे १० टक्के वार्षिक चक्रवाढ धरा आणि ३ वर्षं काहीच भरू नका, १३३ होतात. पुढे त्याच दराने १० वर्षं मासिक हप्ते भरले की एकूण २११ च्या आसपास जातात! आमच्याकडे पगार मात्र सावकाश वाढतो. माझी पहिली चार वर्षं हप्त्यांतच गेली, पदव्युत्तर शिक्षण लांबलं ते लांबलंच. विषय निवडल्याचा पश्चात्ताप मला अजिबात नाही, तेच काम आजही मनापासून करते. पण पहिल्या पगारातला किती भाग हप्ता खाणार, हे सही करण्याआधी कुणीतरी समोर बसून मांडून दाखवायला हवं होतं.