तो कागद पेटंट नव्हे, अर्ज होता

"अमेरिकी नौदलाने खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर बनवलाय, त्याचं पेटंट घेतलंय आणि जगापासून दडवलाय." हा मजकूर काही वर्षं फिरतो आहे. (सुपरकंडक्टर किंवा अतिवाहक म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ; आजवरचे असे पदार्थ खूप गार ठेवावे लागतात.) भौतिकशास्त्र शिकलेले मित्रही तो पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी पेटंट. साल्वातोर पाइस हे तेव्हा मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट रिव्हर इथल्या नौदल केंद्रात अभियंते होते. त्यांचा अर्ज ऑगस्ट २०१७ मध्ये दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे १८ महिन्यांनी, प्रसिद्ध झाला. अमेरिकेत बहुतेक पेटंट-अर्ज एवढ्या मुदतीनंतर आपोआप खुले होतात. कुणी तपासून मान्य केला, असा त्याचा अर्थ नाही. धातूचा थर दिलेली तार विजेच्या स्पंदांनी कंप पावली की अतिवाहक होईल, अशी कल्पना त्यात आहे. रोध शून्यावर आल्याचं मोजमाप नाही, आणि सुपरकंडक्टर म्हटलं की पहिल्यांदा तेच मागायचं असतं.

"दडवलाय" हे तर टिकतच नाही. १९५१ च्या कायद्याने अमेरिकी सरकार अर्जावर गुप्ततेचा आदेश काढू शकतं. मग तो प्रसिद्धच होत नाही. हा अर्ज कुणालाही घरबसल्या वाचता येतो.

"नौदलाने चाचणी घेतली" असंही सांगतात. ते खरं, पण पाइस यांच्या वेगळ्या उपकरणाची. सुमारे ५ लाख डॉलर खर्चून ती २०१९ मध्ये संपली. पाइस यांनी सांगितलेला परिणाम सिद्ध करता आला नाही, असं नौदलानेच सांगितलं.

आणि "सध्याचे गार सुपरकंडक्टर लष्कराच्या कामाचे नाहीत"? २००९ मध्ये फिलाडेल्फियात जहाज चालवण्यासाठीची ३६.५ मेगावॉटची सुपरकंडक्टिंग मोटर पूर्ण भाराने चालली. अमेरिकी नौदलाच्या झुमवॉल्ट वर्गातल्या विनाशिकांवर मात्र नेहमीच्या तांब्याच्या तारांच्या इंडक्शन मोटरीच बसल्या. जहाजावर पोहोचली ती वेगळीच गोष्ट. पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात स्वतःच चुंबक बनतं आणि हे चुंबकत्व समुद्री सुरुंगांना जाणवतं. म्हणून जहाजात केबलची वेटोळी बसवून, त्यांतून वीज सोडून उलट क्षेत्र तयार करतात. तांब्याच्या केबलचं वजन फार होतं. २००८ मध्ये हिगिन्स विनाशिकेवर सुपरकंडक्टर केबल वापरून पाहिली. २०२२ मध्ये सेवेत आलेल्या फोर्ट लॉडरडेल या अमेरिकी युद्धनौकेवर अशी यंत्रणा बसवलेली आहे, आणि तिची केबल उणे २०० अंशांच्याही खाली गार ठेवावी लागते.